पांढऱ्या तारेची बडतर्फी

सकळ वाहनधारकांस आणि त्यांचे मागून येणारांस विदित व्हावे. ट्रकमालक साहेबांचे फर्मानावरून, ट्रेलरचे दिव्यांची जी मोहीम जाहली तिची हकीकत लिहितो. यात मीठमसाला नाही. आहे तितका मेहुणेसाहेबांनी पुरविला.

ट्रेलर नवा आणिला आणि त्याचा प्लग मालकांचे मेहुण्यांनी, मोबाइलवर तीन व्हिडिओ पाहोन सर्वज्ञ जाहल्यामुळे, स्वहस्ते जोडिला. मग पाहिले तो दिवे हुकूम मानीनात. राजमान्य ड्रायव्हरकाकांनी उजवा इशारा फर्मावावा तो डावा दिवाही डोळा मिचकावी, आणि ब्रेक दाबावा तो ब्रेकदिवा सुस्त. दोन प्रहरी आरटीओचे तपासनीस यावयाचे. मागील महिन्यात जुन्या ट्रेलरचा ब्रेकदिवा न लागोन एक स्कूटरस्वार पाठीमागे धडकला होता, आणि पुन्हा कसूर दिसल्यास काकांचा परवाना जप्त, ऐसी ताकीद होती. परवाना गेला म्हणजे घरची चूल गेली. काकांचे तोंडचे पाणी पळाले.

मग मेहुणेसाहेब सरलष्कर नेमिले गेले, आणि त्यांनी बल्बांस फितूर ठरवोन बदलिले, आणि तारेस तार भिडवोन चार फ्यूज धारातीर्थी पाडिले, आणि शेवटी ट्रेलरच नादान ऐसा निवाडा दिधला.

तेव्हा काकांची थोरली बहीण आक्का, शेजारचे गल्लीत पंपाच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून देणारी, पक्कड घेऊन चालोन आली. प्लग उघडिला तो आत सातांचे जागी सहाच तारा.

“पांढरी कुठाय?”

“ती कुठल्याच दिव्याला जात नव्हती. फुकट बसलेली. मीच तोडली,” मेहुणेसाहेब वदले.

“अहो, ती अर्थिंगची! गेलेली वीज परत यायला वाट नको? तुम्ही बहिणीकडे चार दिवसांसाठी आलात ते अजून परत गेला नाहीत, तुम्हाला परतीचं काय कळणार!”

मग आक्कांनी तार जोडिली, आणि चासीचा गंज घासोन स्क्रू आवळिला, आणि तपासनीस आले, आणि काकांनी ब्रेक दाबिला तो मागे लखलखीत लाल उजेड पडला. परवाना राहिला. काका स्टिअरिंगवर डोके टेकून रडले. लिहिताना आम्हांसही भरून आले.

मग मालकांचा हुकूम जाहला की, फत्ते मेहुणेसाहेबांचे नावे रुजू करावी, आक्कांनी विशेष काही केले नाही. हुकूम शिरसावंद्य. सबब दाखल केले की, मोहीम मेहुणेसाहेबांनी मारिली. आक्कांनी फक्त दिवे लावले.