रानबटाट्याचा कोन

मुलांनो, अशी कल्पना करा, की तुमच्यासमोर एक कुंडी आहे आणि तिच्यात वीतभर उंचीचं रानबटाट्याचं रोप आहे. रानबटाट्याच्या दोन जाती सख्ख्या बहिणींसारख्या दिसतात. पान तेच, फूल तेच. फरक एवढाच, की एक ताठ उभी वाढते आणि दुसरी जमिनीवर ऐसपैस पसरते.

म्हणून संशोधन केंद्रात दोन विभाग होते: उभा आणि पसरट. खोडाचा मातीशी कोन पंचेचाळीस अंशांहून जास्त भरला तर उभा, कमी भरला तर पसरट. जात ठरल्याशिवाय पाणी नाही, कारण प्रत्येक विभागाची झारी वेगळी.

माळीमामांनी डोंगरातून आणलेल्या मूठभर बियांतून हे एकच रोप उगवलं होतं. सोमवारी उभ्या विभागाच्या साहेबांनी कोन मोजला. पन्नास. कागद सह्यांना गेला. बुधवारी तो परत येईतो रोपाने तहानेने मान टाकली होती.

"चाळीस! हे आमचं नव्हेच," साहेब म्हणाले. "शेजारी न्या."

शेजारच्या पसरट विभागाच्या बाईंनी नवा कागद केला. शुक्रवारी कोन भरला बारा.

"वा! गुण दिसायला लागले," बाई खूश झाल्या. "इतकं आदर्श पसरट रोप मी जन्मात पाहिलं नाही."

"बाई, ते मरतंय हो. घोटभर पाणी घालू?"

"आणि उठून उभं राहिलं म्हणजे? जातीत ढवळाढवळ केली म्हणून नोकरी जाईल, मामा!"

मामांनी उचललेली झारी पुन्हा दुसऱ्या झारीशेजारी ठेवली आणि डोळे पुसले. त्यांची भाची शाळा सुटली की रोज या रोपाशी गप्पा मारायला यायची. त्या दिवशीही ती आली, तिने मामांचा चेहरा पाहिला आणि ती सरळ फरशीवर आडवी झाली.

"अगं, ऊठ!" मामा ओरडले.

"आधी सांगा, मी कुठल्या विभागाची?"

बाईंनी लगबगीने कोनमापक लावला. "शून्य. आमची!"

साहेब शेजारून धावत आले. "छे! फाटकातून उभी आली होती. रजिस्टरात नोंद असणार!"

दोघं भांडत रजिस्टर शोधायला गेले, आणि कपाटाची किल्ली मामांकडे, म्हणून त्यांनाही ओढून नेलं. खोली रिकामी झाली.

आता खरं सांगा हं. सोमवारपासून तुम्हीही कोनच मोजत होतात ना? पन्नास, चाळीस, बारा?

भाची उठली, फ्रॉक झटकला, आणि झारी उभ्यांची की पसरटांची हे न बघताच, हाताला लागली ती कुंडीत ओतली.