ओट्यावरची करणी

प्रसेनजित मास्तरांनी पहाटे दार उघडलं आणि उंबऱ्यातच त्यांचा पाय अडला. बाहेर धुई अशी दाटली होती की समोरचं गोमतीबाईचं घर गावातून उठून गेल्यासारखं वाटत होतं. ओट्यावरचं मात्र सगळं लख्ख दिसत होतं. एक काळं कडं. कड्याच्या आत लिंबाच्या दोन फोडी, त्यावर मीठ, आणि एका फोडीत काळा दोरा ओवलेली सुई टोचलेली. मधोमध तपकिरी लेप फासलेली, बोटभर उंचीची, मुंडकं असलेली काहीतरी वस्तू उभी होती. तिला डोळे नव्हते, तरी ती आपल्याकडेच बघतेय असं मास्तरांना वाटलं.

मास्तर मेडशीच्या शाळेत विज्ञान शिकवत. भूत-भानामती सगळं थोतांड आहे, हे त्यांनी पंचक्रोशीत घसा बसेपर्यंत सांगितलं होतं आणि येत्या शनिवारी इंझोरी गावी पुन्हा सांगायचं होतं. त्यांची बायको पौर्णिमाबाई अंगणवाडीच्या मीटिंगसाठी पहिल्याच एसटीने वाशीमला गेलेली, तेव्हा घरात विचारायलाही कोणी नव्हतं. भीती ही केवळ मनाची अवस्था आहे, असं मास्तरांनी स्वतःला बजावलं. मनाला ते पटलं, पण पाय उंबऱ्यातच राहिला.

"मास्तर, हात नका लावू त्याले."

आवाज धुईतून आला आणि त्यामागून हातात बादली घेतलेल्या गोमतीबाई आल्या. "कोनं तरी करनी केली तुमच्यावर."

बघता बघता सात-आठ जण जमले. ओट्यावर मात्र कोणी चढेना. असंच काळं कडं आपण माहेरी पाहिलं होतं आणि त्या घरचा माणूस पुन्हा जेवायला बसला नाही, असं गोमतीबाईंनी दबक्या आवाजात सांगितलं. एखाद्या जाणत्या बाबाला बोलवा, असंही कोणी सुचवलं. मास्तरांच्या लक्षात आलं की आता एक पाऊल मागे घेतलं, तर ही बातमी आपल्या आधी इंझोरीला पोचणार आणि विज्ञानाची जन्मभर केलेली वकिली मातीत जाणार.

त्यांनी घरातून पाण्याचा पेला आणला, सुई उपसली आणि सगळ्यांदेखत दोन्ही फोडी पेल्यात पिळल्या.

पाणी आधी दुधट झालं. मग त्यातून फेस वर येऊ लागला. कोणी ढवळत नव्हतं, तरी तो येतच राहिला आणि पेल्याच्या काठावर येऊन थरथरत थांबला. पायरीशी बसलेलं कुत्रं उठून निघून गेलं.

"फेस येऊन राह्यला," मागच्या गल्लीतली रुपाबाई हळूच म्हणाली.

ही रासायनिक क्रिया आहे, असं मास्तर म्हणाले खरे, पण कुठली ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. त्यांनी डोळे मिटले आणि पेला एका दमात रिकामा केला. मग कडं आणि ती मुंडक्याची वस्तू कागदात गुंडाळून मागच्या नाल्यात फेकली. कडं हाताला मेलेल्या सापासारखं गार आणि लवचीक लागलं. परत येऊन ते लोकांना दोन शब्द सांगायला उभे राहिले, तेवढ्यात त्यांना ढेकर आला. तोंडातून एक फुगा निघाला, संथपणे धुईत वर चढला आणि फुटला. तो फुटेपर्यंत सगळे माना वर करून बघत होते.

त्या दिवशी मास्तर शाळेत गेले नाहीत. गोधडीत पडून ते स्वतःची नाडी मोजत राहिले. भिंतीपलीकडे कोणी कुजबुजलं की आपलंच नाव ऐकू येत होतं. खरं सांगायचं तर ते मनापासून घाबरले होते, आणि त्याहून जास्त त्यांना घाबरल्याची लाज वाटत होती.

दुपारी पौर्णिमाबाई आल्या. "ओट्यावरची शिट्टी कुठी गेली?" त्यांनी आल्या आल्या विचारलं.

"कोणती शिट्टी?"

"कुकरची. काल वाजली नाही, म्हनून चिंच लावून ठेवली होती. रबर लिंबानं, मिठानं अन् भांड्याच्या साबनानं घासून वाळत घातलं होतं, अन् भोक मोकळं करायची सुई, हरवू नये म्हनून दोऱ्यासकट, लिंबातच खोचून ठेवली होती."

मास्तरांनी गोधडी तोंडावर ओढून घेतली आणि आतूनच सगळं सांगितलं. पौर्णिमाबाईंनी गोधडी ओढून काढली.

"पोरायले दाब शिकवता," त्या म्हणाल्या, "अन् घरच्या कुकरचं रबर वळखू येत नाही तुमाले?"

मास्तर नाल्यात उतरले. अर्ध्या तासाने चिखलातून शिट्टी हाती लागली, रबर कायमचं गेलं. वर येऊन पाहतात तर काठावर गल्ली उभी. मास्तरांनी शिट्टी पुसून उंच धरली आणि काही न लपवता सांगून टाकलं, की करणी नव्हती, बाहुली नव्हती, पौर्णिमाने कुकर साफ केला होता आणि मी साबण प्यालो.

गोमतीबाईंनी शिट्टीकडे निरखून पाहिलं. "सकाळी काय होतं ते आमी पाह्यलं ना, मास्तर. तुमच्या हातात आल्यावर त्याची शिट्टी झाली."

संध्याकाळी रुपाबाई कुकर घेऊन दारात हजर, मागे गल्लीतल्या बाया. तीन दिवसांपासून तो नुसता आतल्या आत कण्हतो, झाकण थरथरतं, पण शिट्टी काही होत नाही. कोणीतरी तो मंत्राने बांधला आहे अशी तिची खात्री होती. मास्तरांनी गार झाकण दिव्यासमोर धरलं. नळीतून उजेडाचा ठिपकासुद्धा दिसेना. त्यांनी सुई घातली, फिरवली, आणि टोकाला तुरीचं एक काळपट टरफल बाहेर आलं. मग कुकरात पाणी घालून तो गॅसवर चढवला. सगळे श्वास रोखून बसले. झाकण कण्हलं, थरथरलं, आणि कान फाटेल अशी शिट्टी झाली.

दारातल्या बायांनी हात जोडले.

"अहो, हात कायले जोडता? नळीत टरफल अडकलं होतं," मास्तर काकुळतीला येऊन म्हणाले. "हे एवढंसं. डाळ भरून शिजवली की अडकतं. बाकी काही नाही."

रुपाबाईने ते टरफल पदराच्या टोकात जपून बांधलं आणि गाठ घट्ट केली.

"समजलं, मास्तर," ती अगदी हळू आवाजात म्हणाली. "आता हे कुठी पुरू तेवढं सांगा."