ड्वाइटने ऐकलेली हाक

"मी आता जे सांगणार आहे ना, त्यावर कुणाचाही विश्वास बसणार नाही," व्हर्नन टटलने स्वयंपाकघरात पाऊल टाकताच जाहीर केलं. कपाळावर जांभळं टेंगूळ, पॅन्टचा गुडघा फाटलेला, आणि चेहरा मात्र बक्षीस घेऊन आल्यासारखा.

मॅक्सिनने वॉफलच्या साच्यावरून नजर वर केली. "टक्कर झाली ना?"

"छे! टक्कर कसली?" म्हणत व्हर्ननने मान खांद्यांत ओढून घेतली. तेवढ्यात कुठूनतरी बारीक शिट्टी वाजली. चीऽऽ.

"किटली," व्हर्नन घाईने म्हणाला.

"किटली अजून कपाटात आहे."

व्हर्ननच्या डोळ्यांपुढे येणारा शनिवार नाचत होता. शनिवारी सॉफ्टबॉलची फायनल. मागच्या हंगामात बरगडी मोडून घरी आला, तेव्हा मॅक्सिनने बजावलं होतं, की आणखी एक टक्कर झाली तर बॅट थेट चर्चच्या जुन्या बाजारात जाईल. बाई बोलेल ते करणारी. त्याची मासेमारीची होडी अशीच गेली होती, आणि आता तिच्यात बसून शेजारचा माणूस मासे धरायचा.

"अगं, सत्तरीच्या सॉफ्टबॉलमध्ये टक्कर होईलच कशी?" खुर्चीत टेकत तो म्हणाला. "धाव पुरी करायला जिला पाय लावायचा, ती होम प्लेटच आम्हाला दोन. एक चेंडू धरणाऱ्या कॅचरची, दुसरी पळणाऱ्याची, चांगली बाजूला. त्याने त्याच्या प्लेटवर उभं राहावं, मी माझ्या प्लेटवर पाय ठेवावा. धडकलो तर मीच बाद!"

"मग ड्वाइटला कुठे भेटलास?"

ड्वाइट ओबरमायर म्हणजे आजच्या सामन्यातल्या समोरच्या संघाचा कॅचर. अंगाने शीतकपाट.

"तोच आला की माझ्या वाटेत! कुणीतरी चेंडू वेडावाकडा फेकला, तो धरायला ड्वाइट माझ्या प्लेटकडे. आणि मी अर्ध्या वाटेवरच्या रेषेच्या पलीकडे पोचलेलो. ती रेषा ओलांडली की मागे फिरायची सोय नाही. पुढे ड्वाइट, मागे नियम! म्हणून मी ओरडलो, 'ड्वाइट, बाजूला हो!'"

"आणि त्या बहिऱ्याने ऐकलं?"

"ऐकायचं यंत्र होतं की कानात! एका हाकेत थांबला." व्हर्ननची मान पुन्हा आत गेली. चीऽऽ.

मॅक्सिन स्टुलावर चढली. धूर झाला की वाजणारी छताची घंटा बॅटरी उतरली तरी चिरकते, म्हणून तिच्यातली बॅटरी तिने काढून टेबलावर ठेवली. "हं, पुढे."

"पुढे काय, तो म्हणाला, 'तू जा आधी, व्हर्नन.' मी म्हटलं, 'छे छे, तू चेंडू घे आधी.' तो म्हणाला, 'माझ्यामुळे तुला अडथळा नको.' मी म्हटलं, 'माझ्यामुळे तुला नको.' अंपायर नियम बघायला निघाला तर चष्मा राहिला गोल्फकार्टमध्ये. तेवढ्यात मागून आमचाच लीरॉय पळत आला, नवा गुडघा घेऊन. त्यानेही रेषा ओलांडली. त्याच्यामागे आणखी एक. औषधाच्या दुकानात लागते तशी रांग लागली, मॅक्सिन! एक जण तर उभ्या उभ्या घोरायला लागला."

चीऽऽऽ.

"बॅटरी तर काढली," मॅक्सिन म्हणाली.

"लावा पक्षी असेल. निवडुंगात बसतात मेले."

"खिडकी बंद आहे, व्हर्नन."

"मग आत आला असेल!" व्हर्नन आता थांबणार नव्हता. "आणि ऐक, तेवढ्यात मैदानावरचे फवारे सुरू झाले. सगळीकडे चिखल! माझा पाय घसरला, मी पोटावर जो निघालो, तो ड्वाइटच्या दोन तंगड्यांमधून आरपार. त्याच्या पॅन्टला माझा केसही लागला नाही. थेट प्लेटवर कपाळ! धाव मोजली, लोकांनी टोप्या उडवल्या. हे टेंगूळ प्लेटचं आहे, ड्वाइटचं नाही."

मॅक्सिनने गरम वॉफल त्याच्यापुढे ठेवलं, वर सिरप ओतलं. व्हर्ननला वाटलं, जिंकलो.

"म्हणजे ड्वाइटला तू शिवलासुद्धा नाहीस?"

"शिवेन कशाला? हाक मारली, त्याने ऐकली, मिटलं. देवाशपथ!" शपथेसरशी मान पार कानांपर्यंत रुतली, आणि शिट्टी अशी कर्कश वाजली की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

मॅक्सिन त्याच्या पाठीमागे गेली. कॉलरमध्ये दोन बोटं घालून तिने शेंगदाण्याएवढी, कातडीच्या रंगाची वस्तू बाहेर काढली. मुठीतसुद्धा ती वस्तू चीऽऽ करून ओरडली. दुसऱ्या हाताने मॅक्सिनने दाराआडची बॅट उचलली.

"थापाड्या! ड्वाइटने हाक ऐकली काय? त्याचा कान तर तुझ्या कॉलरमध्ये आहे!"