दिगूनानांची मुक्कामी गाडी

आमच्या शेजारच्या दिगूनानांकडं पाहुणा आला, की पाण्याच्या आधी सवाल यायचा, "मुक्कामी, का जाऊन-येऊन?" पाहुणा म्हणला, "संध्याकाळी निघतोच," की त्याचा चहा पातळ व्हायचा. मुक्कामी म्हणला, की दूध वाढायचं. माझ्या भावाला हे कळल्यापासून तो दारातूनच "मुक्कामी" म्हणायचा अन् चहा पिऊन पसार व्हायचा.

नाना सरकारी बस खात्यात होते. निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन काही वर्षं झाली होती, सडका नव्या होत होत्या, अन् ज्याला त्याला आपल्या गावात मोटार पाहिजे होती. कोणती गाडी कुठून न्यायची, कधी परत आणायची, अन् रात्री कोणत्या गावात झोपवायची, हे नाना ठरवायचे. संध्याकाळी गावात जाऊन निजते अन् पहाटं तिथूनच निघते, ती मुक्कामी गाडी. ती मिळाली की गावाचा रुबाब काय वाढायचा म्हणता. औरंगपुऱ्यातल्या त्यांच्या ओसरीवर रोज कुठले ना कुठले पाटील दरखास्त घेऊन बसलेले.

नाना कागद बाजूला ठेवायचे. "सडकेचं नंतर बघू. डायवर-कंडक्टरला जेवू कोण घालणार?"

"आख्खं गाव घालील, साहेब."

"आख्खं गाव म्हणजे कुणीच नाय. बाईचं नाव सांगा."

मग स्वतः तिथं जाऊन एक रात्र राहायचे. वेरूळकडच्या एका गावाची गाडी पिठलं लई तिखट म्हणून अडवली होती. त्या गावच्या बाया भांडायला आल्या, तर नाना मागच्या दारानं कचेरीत. चहा मलाच करावा लागला. त्यांना गाडी मिळाली शेवटी, पण नाना कंडक्टरला बजावायचे, "गूळ ठेव खिशात."

बायको लवकर वारलेली. एकच लेक, सुमन. तिला करमाडहून आत, ओढ्यापल्याड दिलेली. बैलगाडीनं करमाडला यायचं अन् तिथून मोटार धरायची, यात दिवस मोडायचा. म्हणून वर्षातून एकदा यायची, पण आली की पंधरवडाभर राहायची. नानांना ते पुरायचं नाही. ती गेली की आठवडाभर ओसरीवर नुसते बसून असायचे.

ओढ्यावर पूल झाला, तशी नानांनी तिच्या गावाला गाडी लावून दिली. सकाळी तिकडून इकडं, संध्याकाळी तिकडं मुक्कामाला. पहिल्या दिवशी नवी टोपी घालून स्टँडावर गेले. मला म्हणले, "वैनी, आता सुमी महिन्याच्या महिन्याला येईल बघा."

आली की. सकाळी आली अन् चहा पिता पिता पिशवी भरायला लागली.

"राहा की गं," नाना म्हणले.

"सासूबाई म्हणत्यात, दारात गाडी असताना राहायचं कशाला? म्हशींची धार कोण काढील, नाना?"

मग दर महिन्याला तेच. एकदा मीच म्हणलं, "ती संध्याकाळची गाडी बंद करून टाका."

"कशी करू, वैनी? दवाखान्यातल्या बाळंतिणी त्याच गाडीनं घरी जात्यात."

अन् मग एका संध्याकाळी, सुमन स्टँडावर जाऊन बसल्यावर, ती गाडी मोडली. नाना धापा टाकत माझ्या दारात. एवढं हसू मी त्यांच्या तोंडावर कधी पाहिलं नव्हतं. "वैनी, गाडी सुटत नाय. सुमी राहती आज. पुरण घाला. मी घेऊन येतो तिला." मी डाळ शिजत टाकली अन् त्यांच्या घरात जाऊन तिचं अंथरूण घालून आले.

दिवेलागणीला नाना आले, एकटेच.

"सुमन?"

"गेली."

"गाडी मोडली होती ना?"

त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "स्टँडावर एक बाई होती. तान्हं लेकरू पदरात. करमाडपर्यंत कशी तरी जाते, तिथून चालत जाईन म्हणली."

मग म्हणले, "आगारात एक गाडी उभी होती. मीच काढून दिली."