चार मजली राई

हिंदुरावांची दुसरी बिल्डिंग आपण एका पुस्तकाच्या जोरावर थांबवणार, असं श्यामसुंदर उमाळेने रविवारी सकाळी बायकोला सांगितलं आणि बशीतलं शेवटचं बिस्कीट उचललं. पुस्तक कायद्याचं आहे का, असं पूर्णिमाने विचारलं. कायद्याचं नव्हतं. झाडापाखरांचं होतं.

"मग ठीक आहे," असं म्हणून ती रिकामी बशी घेऊन आत गेली.

श्यामसुंदर मूळचा वाशीमचा. खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टिंगचा मॅनेजर होता. म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढण्याचा त्याला पगार मिळे, आणि घरी आल्यावर तेच काम तो फुकट करी. वाघोलीत त्याने फ्लॅट घेतला तो केवळ मागच्या गॅलरीसाठी. गॅलरीसमोर कुसळांनी भरलेला एक मोकळा पट्टा होता आणि त्यापलीकडे ओढ्याच्या काठाने हिंदुरावांची राई. हिंदुराव गावचे जुने शेतकरी. नगर रस्ता रुंद झाला, कंपन्या आल्या, तशी त्यांच्या ज्वारीच्या रानात बिल्डिंग उगवली. श्यामसुंदर राहत होता ती त्यांचीच. राई मात्र भावाभावांच्या वादात अडकल्यामुळे वर्षानुवर्षं कुणी तोडली नव्हती. आता भावांचं मनोमिलन झालं होतं, आणि भाऊ एकत्र आले की झाडांनी काय समजायचं ते समजावं.

एखादं दुर्मिळ पाखरू सापडलं की सरकार बांधकाम थांबवतं, असं श्यामसुंदरला ऑफिसच्या कँटीनमध्ये कुणीतरी सांगितलं होतं. तेव्हा पाखरू शोधायचं. त्यासाठी त्याने अप्पा बळवंत चौकातून रान ओळखायला शिकवणारं एक सचित्र पुस्तक आणलं. पुस्तक खिशात मावेल असं मुखपृष्ठावर छापलेलं होतं. खिसा कुणाचा, ते छापलेलं नव्हतं.

पुस्तकाचं म्हणणं सोपं होतं. रान म्हणजे चार मजले. वरती उंच झाडांचा मांडव, त्याखाली लहान झाडं, त्याखाली झुडपं आणि तळाला पाचोळा. प्रत्येक मजल्यावरचे रहिवासी वेगळे, पण सगळ्यांचं एकमेकांवाचून अडतं. फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला हे पटायला वेळ लागला नाही, शेवटचं वाक्य सोडून.

राईत शिरल्यावर मात्र पंचाईत झाली. पुस्तकातलं प्रत्येक पान स्वच्छ, एकटं आणि पांढऱ्या कागदावर होतं. राईतली पानं लग्नाच्या पंगतीसारखी एकमेकांच्या अंगावर बसलेली. उंबर आणि आंबा तो ओळखत होताच. बाकी सगळं त्याला करंज वाटू लागलं. मग पुस्तकात म्हटल्याप्रमाणे, नुसतं बघून कळलं नाही तर स्पर्शाने जाणून घ्यावं म्हणून, त्याने एका वेलीवरची मखमली शेंग तोडली, बोटांनी चोळली, आणि मानेवर डास बसला म्हणून त्याच हाताने मान चोळली.

थोड्याच वेळात ओढ्यावर म्हशी बघायला आलेल्या हिंदुरावांना आपला एक फ्लॅटधारक आंब्याच्या खोडाला पाठ घासताना दिसला.

"खाजकुयली हाय ती, सायब. चोळू नका, पसरंल. शेण लावा."

शेण हाताशीच होतं. ते हिंदुरावांनी स्वतः लावलं, मानेपासून कमरेपर्यंत, अगदी भिंत सारवावी तसं. लावता लावता त्यांनी चौकशी केली की सायब इथे काय करताहेत. तुमची बिल्डिंग थांबवायला आलोय असं अंगाला शेण लावून घेताना सांगता येत नाही. श्यामसुंदरने अभ्यास करतोय म्हणून सांगितलं. हिंदुरावांना फार बरं वाटलं. त्यांच्या राईचा आजवर कुणी अभ्यास केला नव्हता. त्यांनी कमरेच्या जुडग्यातून फाटकाची किल्ली काढली आणि कधीही येत जा म्हणून त्याच्या हातात दिली.

पूर्णिमाने दार उघडलं, नवऱ्याकडे पाहिलं, वास घेतला, आणि पुस्तकात अंघोळीबद्दल काही आहे का एवढंच विचारलं.

पण श्यामसुंदर जात राहिला. एका जागी बसा आणि काही करू नका, असं पुस्तकात लिहिलं होतं. ऑफिसात हे त्याला जमत असे, राईत आधी जमेना. मोबाइल बंद केल्यावर हळूहळू जमू लागलं. ओढ्याजवळ आंब्याचं एक वठलेलं झाड उभं होतं. पहिल्या दिवशी त्याने ते निकामी म्हणून सोडून दिलं होतं. आता तो त्याच्यासमोरच बसू लागला. सालीखाली किड्यांच्या अळ्या होत्या, अळ्यांसाठी सुतार पक्षी येत होता, बुंध्याशी वाळवी होती, वाळवीसाठी सरडे होते. मेलेल्या झाडावर जिवंत झाडापेक्षा जास्त वर्दळ होती. घरी आल्यावर हे तो पूर्णिमाला जेवताना सांगे, आणि दुर्मिळ पाखराचं काय झालं म्हणून तिने विचारलं की तो दचके.

मग एका संध्याकाळी त्या वठलेल्या आंब्याच्या ढोलीतून एक वाटोळं डोकं बाहेर आलं आणि पिवळ्या डोळ्यांनी त्याच्याकडे रोखून बघू लागलं. पाठोपाठ दुसरं. श्यामसुंदरने घाईघाईने पानं उलटली. पिंगळ्याचं चित्र होतं, आणि शेजारच्या पानावर रानपिंगळ्याचं. हा रानपिंगळा एके काळी संपलाच असं धरलं गेलं होतं आणि पुढे सातपुड्याकडे पुन्हा सापडला होता. पाय जुळले. छाती जुळली. पोट जुळलं. राहिलं डोकं, त्यावर ठिपके असले तर साधा पिंगळा. पण अंधार पडत होता आणि श्यामसुंदरला ठिपके दिसले नाहीत. ते दिसावेत अशी त्याची फारशी इच्छाही नव्हती.

एका निसर्गमंडळाला त्याने ई-मेल केली. सवयीप्रमाणे "असण्याची दाट शक्यता" असं लिहिलं आणि खाली स्वतःचा पत्ता दिला. ती मेल पुढे गेली, तिथून आणखी पुढे गेली, आणि कुठल्या तरी वळणावर दाट शक्यता गळून पडली. पत्ता राहिला.

रविवारी उजाडताच सोसायटीबाहेर गाड्यांची रांग लागली. तोफेएवढ्या लेन्स घेऊन माणसं उतरली. उन्हं वर यायच्या आत वडापावची गाडीही आली. राईत सगळं होतं, पण बाथरूम नव्हतं. त्यामुळे मेलमधला पत्ता घेऊन लोक तिसऱ्या मजल्यावर त्याच्या घरी येऊ लागले. पूर्णिमा दार उघडून नुसतं "डावीकडे" म्हणत होती. फाटकाशी उभे राहून हिंदुराव येईल त्याला नमस्कार करत होते. इतके पाहुणे त्यांनी थोरलीच्या लग्नातही पाहिले नव्हते.

शेवटी शनिवार पेठेतून आनंदीबाई दामले आल्या. वनस्पतिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि पाखरांच्या बाबतीत त्यांचा शब्द पुण्यात शेवटचा. त्यांनी दुर्बीण लावली आणि लगेच खाली केली.

"डोक्यावर ठिपके आहेत. साधा पिंगळा. आमच्या शनिवार पेठेत विजेच्या खांबावर रोज बसतो. त्याला भेटायला मी आज नगर रोड पार करून आले."

लेन्स मिटल्या, गाड्या निघाल्या. वडापाववाल्याने उरलेले वडे श्यामसुंदरच्याच गळ्यात मारले. तो तसाच वडे धरून उभा राहिला. आता एवढी आलेच आहे तर बाकी काय पाहिलंत ते दाखवा, असं आनंदीबाई म्हणाल्या, तेव्हा त्याने खालमानेने दाखवायला सुरुवात केली. अळ्या, सुतार, वाळवी, सरडे. पाचोळा कुजतो म्हणून वरचा उंबर कसा उभा आहे ते. हे वठलेलं झाड कुणी सरपणाला नेलं तर चारही मजल्यांना कसा हादरा बसेल ते. बोलता बोलता त्याची मान वर आली, त्याचं त्यालाही कळलं नाही.

आनंदीबाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"पाखरू चुकलात. रान बरोबर वाचलंत."

श्यामसुंदरने हातातले वडे आनंदीबाईंपुढे धरले. तू बरोबर आहेस, असं त्याला शाळा सुटल्यापासून कुणी म्हटलं नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आनंदीबाईंचा त्या राईवरचा लेख एका दैनिकाच्या रविवारच्या पुरवणीत आला, चार मजल्यांसकट. त्याच संध्याकाळी हिंदुराव पेढे घेऊन हजर झाले.

"सायब, तुम्ही डोळं उघडलं माझं. राईला हात लावणार न्हाई. आईची शपथ."

श्यामसुंदरने हिंदुरावांना मिठी मारली. पेढा खात खात पूर्णिमाने विचारलं, मग बिल्डिंग रद्द का?

"रद्द कशापायी? तुमच्या गॅलरीपुढचा मधला पट्टा हाय की. त्यो बी माझ्याच नावावर हाय. लेख आल्यापासनं फोन थांबंना, दोन मजलं वाढवावं लागणार. गॅलऱ्या समद्या राईकडं. अन् स्वयंपाकघरं, ड्राय बाल्कन्या तुमच्याकडं."

पूर्णिमाने नवऱ्याकडे पाहिलं आणि दुसरा पेढा घेतला.

बिल्डिंग उभी राहिली. श्यामसुंदरच्या गॅलरीतून आता प्लास्टर दिसतं. घरून राई दिसेना म्हणून तो रविवारी तिकडेच जाऊन बसतो, आणि जातोच आहात तर गिऱ्हाइकांना जरा फिरवून आणा, असं हिंदुराव म्हणतात. नाही म्हणणं त्याच्या स्वभावात नाही. गेल्या रविवारी नुकतंच लग्न झालेलं एक जोडपं होतं, दोघंही आयटीतले. वठलेल्या आंब्यासमोर उभं करून त्याने त्यांना सगळं समजावलं. पिंगळाही वेळेवर बाहेर आला. जोडपं खूश झालं.

"अंकल, तुम्ही पण इथेच राहता का?" मुलाने विचारलं.

"तुमच्या मागच्या बिल्डिंगमध्ये. तुमचा कितवा मजला?"

"तिसरा. का?"

"नाही, काही नाही," श्यामसुंदर म्हणाला. "तुमचं दूध उतू जायला लागलं तर मी हाक मारीन."