टर्बो डिझेल आणि सासूबाईंचं ताट

गाडी घ्यायची म्हटल्यावर ओर्नेला सरळ म्हणाली, "छोटी पेट्रोल घेऊ या. तुझं ऑफिस कोपऱ्यावर तर आहे."

मी नगरपालिकेत कारकून, राहतो तिसऱ्या मजल्यावर. कोपऱ्यावरच्या ऑफिसात पायीच जातो (आणि तरीही उशिरा पोचतो). पण बायकोचं ऐकलं तर पुरुषाने गाडीची माहितीपत्रकं वाचायची कशाला? मी लाल टर्बो डिझेल घेतली. डिझेल स्वस्त पडतं हे सगळ्या इटलीला ठाऊक आहे. डिझेल गाडीवर सरकार दरवर्षी जादा कर घेतं, हेही ठाऊक आहे. तो कर वसूल व्हायला गाडी किती पळवावी लागते, हा विचार लोक गाडी घेण्याआधी करतात. मी घेतल्यावर केला.

तेव्हापासून मी काटकसरीसाठी भटकू लागलो. पाव आणायला शेजारच्या गावी जायचं. दर रविवारी सासूबाईंना त्यांच्या यजमानांच्या कबरीवर न्यायचं, तेही नदीपलीकडच्या लांबच्या रस्त्याने. "हयातीत मी ह्यांना इतकी भेटले नव्हते," एलिदेबाई म्हणाल्या.

जानेवारीत वर डोंगरातल्या मेहुणीला मुलगी झाली आणि तिने ओर्नेलाला बाळाची धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाला हातात धरणारी, व्हायला बोलावलं. आम्हाला मूल नाही. ओर्नेला त्याबद्दल बोलत नाही, पण निरोप आल्या दिवसापासून तिने पांढरी शाल विणायला घेतली, आणि विणताना ती गुणगुणायची. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

"आगगाडीने जाऊ," ती म्हणाली. "बाप्तिस्मा चुकायला नको."

"एवढं अंतर वाया घालवायचं?" मी म्हणालो.

निघताना सासूबाईंना मागे बसवलं आणि आमच्या सपाटीवरच्या स्वस्त पंपावर टाकी काठोकाठ भरली. संध्याकाळी वर पोचलो तर साडू टोनी दारातच म्हणाला, "एजिदिओ, आमच्या पंपावरचं थोडं भरून घे रे. इथे थंडी मरणाची पडते."

मी मनात हसलो. डोंगरातले लोक पाहुण्याला पंपावर लुटतात, हे आम्ही सपाटीवाले आईच्या दुधाबरोबर शिकतो. "टाकी भरलेली आहे," मी म्हणालो.

सकाळी टोनी आपल्या जुनाट चौकोनी पेट्रोल गाडीतून बायको-बाळाला घेऊन खालच्या चर्चला गेला. आम्ही टर्बोने मागोमाग येणार होतो. मी किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली.

"तिला थंडी वाजली असेल," मी म्हणालो.

"बाई गं, जावईबापूंची गाडी नाजूक," मागून एलिदेबाई. त्यांच्या मांडीवर पास्त्याचं भलंमोठं ताट होतं, कारण लेकीच्या सासरचा स्वयंपाक त्या स्वयंपाकात धरत नाहीत.

मी घरात जाऊन ओर्नेलाच्या हातातला हेअर ड्रायर घेतला, स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढली आणि इंजिनाला वारा घालू लागलो. तिचे अर्धे केस अजून ओले होते. आम्ही येत नाही असं पाहून टोनी परत आला. त्याने बॉनेटखालचा फिल्टर काढून दाखवला. आत पांढरट लापशी झाली होती.

"खालचं डिझेल इथे थिजतं. म्हणून आमच्या पंपावर थंडीचं वेगळं मिळतं."

"मला कुणी सांगितलं नाही."

"काल सांगितलं की."

"पण का ते नाही सांगितलंस."

टोनीने माझ्याकडे पाहिलं, मग ओर्नेलाकडे वळला. "ओर्नेला, चल लवकर. पाद्रीबाबांना पुढच्या गावी जायचंय, ते थांबणार नाहीत. माझी चुलतबहीण फियामेत्ता पहिल्या बाकावर बसलीय. हातमोजे काढून, बाळ घ्यायला तयार."

ओर्नेला काही बोलली नाही. ती ओरडते तेव्हा मी पेपर वाचू शकतो, पण ती गप्प बसली की मला धडकी भरते. शाल छातीशी धरून ती टोनीच्या गाडीत पुढे बसली. मागे एलिदेबाई, घडी केलेली बाबागाडी आणि एक रिकामी जागा. मी दाराला हात घातला तर तिथे ताट आलं होतं.

"आई, ताट मांडीवर घ्या ना."

"नवा झगा आहे," मांडीवरून हात फिरवत त्या म्हणाल्या. "आणि पास्ता गार झाला तर चव जाते. तुमचं तसं काही नाही."

गाडी वळणाआड गेली. मी ड्रायर धरून उभा राहिलो. बऱ्याच वेळाने खालून घंटा ऐकू आली. शाल वेळेत पोचली असू दे, एवढंच मी त्या लापशीसमोर मागितलं.

खाली जेवणं उरकल्यावर टोनी सगळ्यांना आणि एक डबा घेऊन वर आला. "फिल्टर गरम पाण्यात धर. आणि टाकीत हे थोडं ओत."

"हे काय?"

"पेट्रोल. थंडीत आम्ही घालतोच."

गाडीने काळा धूर सोडला आणि धडधडू लागली. ओर्नेला अंगणात आली. केस एका बाजूने चपटे, डोळे लाल, चेहरा मात्र उजळलेला. "तिने माझं बोट धरलं," ती म्हणाली. "सोडेचना." मला क्षमा केली का, हे विचारायचं मी टाळलं. फोटोत मी सोडून सगळे आहेत. ताटही आहे.

आता दर थंडीत, भाचीच्या वाढदिवसाला निघण्याआधी, मी आमच्या पंपावर डबा घेऊन जातो आणि हळूच थोडं पेट्रोल मागतो. पहिल्याच वर्षी पंपवाल्याने विचारलं, "कशाला हवंय?"

"गवत कापायच्या यंत्राला," मी म्हणालो.

त्याने डबा भरला, झाकण घट्ट लावलं आणि माझ्या हाती दिला. "बरोबर," तो म्हणाला. "जानेवारीत तिसऱ्या मजल्यावर गवत फार माजतं."