बाकांच्या उंचीची समिती

धाकटीच्या चालू घडामोडींच्या नोट्स अख्ख्या अभ्यासिकेत सगळ्यांत चांगल्या होत्या आणि तेच तिचं दुखणं होतं. सकाळी ती दोन वर्तमानपत्रं घेऊन बसायची. योजना निळ्या शाईत, समित्या लाल शाईत, पुरस्कार हिरव्या शाईत असं सगळं नीट उतरवून काढायची. दुपारी ती चहा प्यायला खाली गेली, की शेजारच्या टेबलावरचा झेरॉक्स उठायचा, तिच्या वहीचे फोटो काढायचा आणि ती परत येईपर्यंत पेन चावत साळसूदपणे खिडकीबाहेर बघत बसायचा. झेरॉक्स हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हतं. पण पाळण्यातलं कुणी वापरत नव्हतं आणि हे शोभून दिसत होतं.

संध्याकाळी त्याच नोट्स टाइप होऊन सगळ्यांच्या मोबाइलवर यायच्या. वर ठळक अक्षरांत ‘संकलन व परिश्रम’ आणि पुढे झेरॉक्सचं नाव. खाली लोकांचे निरोप: “दादा, केवढे कष्ट घेता!” दादा उत्तर द्यायचे, “अभ्यास वाटल्याने वाढतो.” हे वाचून धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

तिला भांडायला वेळ नव्हता. हा तिचा शेवटचा प्रयत्न. बाबांनी तिच्याकडून शब्दच घेतला होता: यंदा पूर्व परीक्षा निघाली नाही, तर मामाच्या सिमेंटच्या एजन्सीत बिलं करायला बसायचं. मामाने तर खुर्चीसुद्धा पुसून ठेवली होती. थोरली बँकेत लागली, तिचं लग्न झालं, तिला बढतीही मिळाली, आणि धाकटी अजून लाल-हिरव्या शाया भरत बसलेली. घरी हा हिशेब कुणी बोलून दाखवत नसे, पण जेवताना सगळ्यांच्या तोंडावर तो वाचता यायचा.

“अगं, मग वही सोबत घेऊन जा ना चहाला,” आई म्हणाली.

“मी का नेऊ? चोर तो आहे.”

“बरं, मग नको नेऊस,” आई म्हणाली आणि भाजी चिरायला लागली. आईचा सल्ला ऐकला असता तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण सरळ मार्ग दिसला की धाकटीला तो बावळटपणाचा वाटे.

तिने सापळा लावायचं ठरवलं. वहीत एक साफ खोटी घडामोड घुसडायची. झेरॉक्स ती उचलणार, गावभर वाटणार, आणि मग चारचौघांत विचारायचं, “काय रे, ही कुठे वाचलीस?” विषय काय घ्यावा म्हणून ती विचार करू लागली तेव्हा तिची पाठ दुखत होती, कारण अभ्यासिकेतली बाकं बुटकी होती आणि टेबलं उंच. तिने लाल पेन उचललं आणि लिहिलं: ‘सार्वजनिक बाकांची उंची व टेकण्याची सोय यांविषयी उच्चस्तरीय समिती. अध्यक्ष: निवृत्त सचिव. एकूण सदस्य सात, पैकी एक अस्थिरोगतज्ज्ञ.’ अस्थिरोगतज्ज्ञावर ती स्वतःच खूश झाली. मग निवांत चहा प्यायला गेली.

संध्याकाळी समिती मोबाइलवर हजर! दुसऱ्या दिवशी धाकटीने सगळ्यांसमोर झेरॉक्सला गाठलं.

“ही बाकांची समिती कुठे वाचलीस?”

झेरॉक्स क्षणभर गडबडला. मग त्याने मोबाइल काढला. “दोन ठिकाणी आहे की. हे बघ. आणि हे बघ.” दोन्ही ठिकाणी होती खरी. त्या दोघांनी ती झेरॉक्सकडूनच उचलली होती.

“ती समिती खोटी आहे. मी बनवलीय!” धाकटी ओरडली.

चोरी पकडली गेली की लोक चोराकडे बघतात अशी तिची समजूत होती. सगळे तिच्याकडे बघत होते. एकजण हळूच म्हणाला, “ताई, आपल्याकडून एखादी राहून गेली की असं वाटतं. माझंही होतं.”

आठवडाभरात समितीने बाळसं धरलं. एका क्लासच्या मासिक पुस्तिकेत ती चौकटीत आली. दुसऱ्याने चौकटीला पिवळा रंग दिला आणि शेजारी ‘अति महत्त्वाचे’ लिहिलं. तिसऱ्याने ‘समितीपुढील आव्हाने’ असा परिच्छेद जोडला. त्यात वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि बुटके लोक यांचा साकल्याने विचार केलेला होता. वाचताना धाकटीलाही क्षणभर वाटलं, की खरंच कुणीतरी हे काम हाती घ्यायला हवं.

मग तिच्याच क्लासच्या सराव परीक्षेत प्रश्न आला: बाकांच्या समितीत अस्थिरोगतज्ज्ञ किती? तिने ‘अशी समिती नाही’ असं बाजूला लिहून प्रश्न सोडून दिला आणि तिचा एक गुण गेला. ती उत्तरपत्रिका घेऊन तडक सरांच्या केबिनमध्ये शिरली. सर म्हणजे क्लासचे मालक. स्वतः चार वेळा मुलाखतीपर्यंत पोचलेले, त्यामुळे मुलाखत सोडून सगळं शिकवणारे.

“सर, ही समिती नाहीये.”

“तुझं वाचन कमी पडतंय,” सर मायेने म्हणाले.

“सर, ती मी तयार केलीय. माझ्या टेबलावर बसून. पाठ दुखत होती म्हणून.”

सरांनी पेन खाली ठेवलं. पाण्याचा ग्लास तिच्यापुढे सरकवला. “असं होतं. परीक्षा जवळ आली, की दरवर्षी एखाद्याला होतं. मागल्या खेपेला एकाला वाटायचं, राज्यघटना त्यानेच लिहिलीय. दोन दिवस सुट्टी घे. नीट झोप.” आणि ती बाहेर पडायच्या आत त्यांनी तिच्या घरी फोन लावला.

घरी बाबा दारातच उभे होते. आवाजात एरवीचा करडेपणा नव्हता, आणि त्यानेच ती जास्त घाबरली.

“बाळा, तू किती समित्या नेमल्यास?”

“एकच, बाबा.”

“एकच ना? मग ठीक आहे,” बाबा आईकडे बघत म्हणाले. आईने डोळ्यांना पदर लावला. मामाचा फोन आला, “मनावर घेऊ नको गं, सिमेंटचं काम साधं असतं, डोक्याला ताप नाही.” धाकटीला वाटलं, डोकं भिंतीवर आपटून घ्यावं; पण तसं केलं असतं तर सरांचं निदानच पक्कं झालं असतं.

आता तिला एकच वाट दिसत होती. सार्वजनिक सुविधा खात्याकडून लेखी आणायचं, की अशी समिती नाही. तो कागद सरांच्या टेबलावर आपटला की सगळ्यांची तोंडं बंद. तिने खात्यात फोन केला. तिकडे एक कारकून होते, आवाजावरून निवृत्तीला आलेले आणि कशाचीच घाई नसलेले.

“अशी समिती नाही एवढंच लिहून द्या,” धाकटी म्हणाली.

“नाही असं कसं लिहून देणार? आधी शोधावं लागेल.”

“अहो, नसलेली गोष्ट तुम्ही कुठे शोधणार?”

“ते आमच्यावर सोडा. तुम्ही अर्ज करा. सोबत पुरावे जोडा.”

तिने अर्ज केला. पुरावे म्हणून तिन्ही पुस्तिका जोडल्या, पिवळ्या चौकटीसकट. उत्तर आलं नाही म्हणून स्मरणपत्र पाठवलं. मग दुसरं, मग तिसरं. अभ्यासाचे तास पत्रं लिहिण्यात जाऊ लागले. शेवटी कारकुनांचाच फोन आला.

“तुमच्या पत्रांवरून फाईल उघडलीय बरं का. साहेब विचारत होते, इतक्या ठिकाणी छापून आलेली समिती आपल्यालाच कशी माहीत नाही?”

“कारण ती नाहीच!”

“हे साहेबांच्या तोंडावर कोण सांगणार हो? साहेब म्हणाले, आदेश निघाला असणार आणि आपल्याकडून गहाळ झाला असणार. आता बघतायत काय करायचं ते.”

धाकटीने सुस्कारा सोडला. बघतायत म्हणजे सत्य बाहेर पडणार, असा तिने अर्थ लावला. परीक्षा महिन्यावर आली होती. तिने पत्रं बंद केली आणि वर्तमानपत्रंही बंद केली. छापील अक्षरावरचा तिचा विश्वासच उडाला होता. उरलेले दिवस तिने फक्त स्वतःच्या जुन्या नोट्स घोकल्या, बाकांचं पान वगळून.

परीक्षेच्या दिवशी पेपर सोपा गेला. म्हणजे तिला सोपा गेला. शेजारचा उमेदवार सारखा घाम पुसत होता. शेवटून दुसऱ्या पानावर प्रश्न होता: ‘पुढीलपैकी कोणती समिती अस्तित्वात नाही?’ पहिलाच पर्याय: बाकांच्या उंचीची समिती. धाकटीला हसू आवरेना. पर्यवेक्षकांनी वळून पाहिलं. इतक्या महिन्यांचा छळ, सरांचा पाण्याचा ग्लास, आईचा पदर, सगळ्याचं आज एका वर्तुळात सोनं होणार होतं. तिने ते वर्तुळ इतकं जोर लावून काळं केलं, की कागदाला खड्डा पडला. बाकीचे पर्याय तिने वाचलेही नाहीत.

फाटकाबाहेर सर पत्रकं वाटत उभे होते. “आला की नाही बाकांचा प्रश्न? आपल्या क्लासच्या सगळ्या मुलांचा बरोबर आलाय!”

“बरोबर कसा येईल सर? ती समिती नाहीच आहे.”

सरांनी पत्रकांच्या गठ्ठ्यातून एक कात्रण काढून तिच्या हातात ठेवलं. तीन आठवड्यांपूर्वीचं. आतल्या पानावरचं, एका कोपऱ्यातलं. सार्वजनिक बाकांची उंची व टेकण्याची सोय यांविषयी उच्चस्तरीय समिती स्थापन. अध्यक्ष निवृत्त सचिव. सदस्य सात. अस्थिरोगतज्ज्ञ एक. खात्याने नवीन काही शोधायचा त्रास घेतला नव्हता. पिवळ्या चौकटीतलं होतं तसं उचललं होतं.

निकाल लागला. धाकटीची पूर्व परीक्षा एका प्रश्नाने हुकली. अख्ख्या अभ्यासिकेत तो प्रश्न चुकलेली ती एकटीच होती. झेरॉक्सचा अर्थातच बरोबर आला होता; समिती खोटी असेल ही शंका त्याला कधी शिवलीच नव्हती. त्या रात्री धाकटी उशीत तोंड खुपसून रडली, आणि बाबा दाराबाहेर नुसते उभे राहिले. सकाळी तिने शाया कपाटात टाकल्या आणि मामाच्या एजन्सीत जाऊन बसली. खुर्ची मात्र योग्य उंचीची होती.

तिथे बसून तिला तीन-चार महिने झाले असतील. गोण्यांची बिलं करता करता फोन वाजला.

“ओळखलंत का?” कारकून होते. “अहो, तुमची समिती कामाला लागलीय. पण एक अडचण झाली. साहेब म्हणाले, नागरिकांचा प्रतिनिधी घ्यायचा राहूनच गेला. म्हटलं, या विषयावर आजवर पत्रव्यवहार कुणी केलाय? सगळी फाईल उलटसुलट केली. तुमच्याशिवाय माणूस नाही.”

“काका, मी ती समिती नाही असं लिहीत होते.”

“असेल. पण तळमळीने लिहीत होता ना!”

शुद्धिपत्रक निघालं आणि समिती आठ जणांची झाली. बाबांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं आणि थोरलीला फोन करून म्हणाले, “तिने ती समिती शेवटी खरी करून दाखवली गं.” मामाने बैठकीच्या दिवसांची पगारी सुट्टी मंजूर केली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगत सुटला, की सरकार आमच्या भाचीला विचारल्याशिवाय बसत नाही.

इकडे झेरॉक्स मुख्य परीक्षाही पास झाला. मुलाखतीच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज लोण्यासारखा.

“ताई, तुझ्यासारख्या नोट्स कुणाच्याच नाहीत गं. त्या बाकांच्या समितीत काही नवीन झालंय का? उद्या विचारतील असं वाटतंय.”

धाकटीच्या मनात एकदा आलं, की ठोकून द्यावं काहीतरी. पण या वर्षाने तिला पुरेशी अद्दल घडवली होती. ती म्हणाली, “सदस्य आठ झालेत. आठवी नागरिक प्रतिनिधी.”

“कोण?”

“मी.”

झेरॉक्स खो खो हसला. “वा ताई! समिती खोटी आहे म्हणालीस तेव्हा फसता फसता राहिलो, आता पुन्हा नाही हं!” आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मुलाखत मंडळाच्या अध्यक्षांनी चालू घडामोडींकडे मोर्चा वळवला आणि विचारलं, “बाकांच्या समितीत किती सदस्य आहेत?”

“सात, सर.”

“आठ ना? एक नागरिक प्रतिनिधी नंतर घेतलीय. नाव आहे माझ्यापुढे.”

झेरॉक्स पुढे झुकला. वर्षभरात प्रथमच तो स्वतः फोन करून पडताळलेली गोष्ट सांगत होता.

“ती खोटी आहे, सर,” तो ठामपणे म्हणाला, “मी त्या मुलीला ओळखतो.”